टप्प्यांच्या बागेतला पहिला वाफा

भोपाळ टेकड्यांवर वसलेलं शहर, आणि चार इमलीची जमीनही चढउताराची. त्यामुळे इथे घराभोवती बाग करायची म्हटलं की उतार कापायचा, दगडी बांध घालायचे आणि दोन-तीन टप्पे पाडायचे. काम संपलं की कधी एकदा नर्सरीत जातो असं होतं. पण जरा थांबा! 'काय लावायचं?' हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, वर आलेली माती कुठली आहे.

उतार कापताना वरचा सुपीक थर बऱ्याचदा खाली गाडला जातो आणि खालचा मुरूम वर येतो. त्यावर मशीन फिरलं की तो दाबून घट्ट होतो. परीक्षा सोपी आहे. प्रत्येक टप्प्यावर फूटभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं, तर निचरा नाही. इकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बांधाला पाणी जायला भोकं नसतील किंवा ती बुजली असतील, तर हीच माती बांध पुढे ढकलते. म्हणून आधी भोकं मोकळी करायची.

मग वाफे, इथल्या माळीकाकांच्या भाषेत 'क्यारी'. ते उताराला आडवे घ्यायचे आणि तीन फुटांहून रुंद नकोत, म्हणजे आत पाय न देता दोन्ही बाजूंनी हात पोचतो. फूटभर माती सैल करून कुजलेलं शेणखत मिसळा. चिकट मातीत नुसती थोडी वाळू टाकून भागत नाही. हाताशी पावसाळा असेल तर जून-जुलैत ताग किंवा धैंचा पेरा आणि दीडेक महिन्यानं, फुलोऱ्याच्या आत, मातीत गाडा. ऑक्टोबरपर्यंत जमीन तयार होते.

थंडीचाही एक हिशेब आहे. गार हवा जड असते, रात्री ती उतरून खालच्या टप्प्यावर साचते. म्हणून पालक, गाजर, कोबी खाली, आणि टोमॅटो वर. वरचा टप्पा लवकर सुकतो, तिथे पाचोळ्याचं आच्छादन जाड हवं. पिटुनिया, फ्लॉक्सचं बी सप्टेंबरअखेर कुंडीत पेरलं, तर महिन्याभरात रोपं वाफ्यात लावता येतात.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. या भागाच्या नावातच चिंच आहे. तुमच्या आवारात जुनं चिंचेचं झाड असेल, तर त्याच्या बुंध्याभोवती मातीची भर नको. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. त्यांच्यावर माती चढली की हवा मिळत नाही, आणि झाड वाळायला लागलेलं काही वर्षांनीच कळतं. भर पडली असेल तर ती हातानं, हळूच काढा. झाडाखाली वाफा करूच नका; गळलेली पानं तिथेच राहू द्या, आणि बाकीची बाग झाडाला धरून आखा.