गव्हाणीपाशी पहिला मान कुणाचा?

गळिताच्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपुरास जाणे झाले, तर कारखान्याबाहेरची उसाच्या गाड्यांची रांग अवश्य पाहावी. माळशिरस तालुक्यातले हे गाव साखरेमुळे नावारूपाला आले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने येथे कारखाना चालवला. गाड्या पुष्कळ, गव्हाण मात्र मोजकी! तोडलेला ऊस ताटकळला की वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. तेव्हा क्रम लावल्यावाचून गत्यंतर नाही.

असाच क्रम संगणकालाही लावावा लागतो. कारखान्याचा सारा हिशेब एका डेटाबेस सर्व्हरवर आहे, अशी कल्पना करा. त्यातला प्रोसेसर म्हणजे चरक; पुढ्यात आलेली कामे, ज्यांना 'थ्रेड' म्हणतात, त्या म्हणजे गाड्या. काट्यावरून वजन येते, त्याची पावती हवी. तिकडे कचेरीत बिले काढायची असतात, कारण ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रोसेसर प्रत्येकाला सेकंदाचा अगदी लहानसा अंश देतो. ज्याचा मान मोठा, त्याची पाळी आधी.

मग कुणीतरी म्हणतो, "डेटाबेसलाच सर्वांत वरचा मान द्या ना!" मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तशी एक कळ होती: 'प्रायॉरिटी बूस्ट'. विंडोजमध्ये मानाच्या ० ते ३१ अशा पायऱ्या असतात; ही कळ दाबली की डेटाबेस सातवरून तेरावर चढे. परंतु त्यामुळे खुद्द विंडोजची आणि नेटवर्कची कामे उपाशी राहण्याचा धोका. पावती तयार, पण ती काट्यापर्यंत नेणाराच अडलेला! ही कळ वापरू नका, असे अखेर कंपनीनेच बजावले. चरक महत्त्वाचा खराच. पण चिपाड बॉयलरपर्यंत पोचलेच नाही, तर वाफेवाचून तोही थांबेल.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या 'पाथफाइंडर' यानाचा संगणक याच जातीच्या दुखण्याने पुन्हा पुन्हा बंद होऊन नव्याने सुरू होई. हवामान नोंदणाऱ्या कनिष्ठ कामाकडे एक कुलूप अडकले होते. ज्येष्ठ काम त्यासाठी खोळंबले, आणि मधल्या फळीतली कामे कनिष्ठाला पुढे सरकू देईनात. अभियंत्यांनी पृथ्वीवरूनच उपाय धाडला: ज्येष्ठ खोळंबला असेल, तर तेवढ्यापुरता त्याचा मान कनिष्ठाला द्यावा.

डेटाबेसच्या बाबतीतही चढाओढीपेक्षा वाटणी बरी. २००८ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'रिसोर्स गव्हर्नर' आला. पावत्यांसाठी प्रोसेसरचा किमान वाटा राखून ठेवावा आणि बिलांना कमाल मर्यादा घालावी, अशी सोय त्यात आहे. मौज अशी, की ही मर्यादा गर्दी झाली तरच लागू होते. प्रोसेसर रिकामा असेल, तर बिलांनी खुशाल सारा वापरावा.

काट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पावती हातात पडली आणि बिल वेळेवर जमा झाले, म्हणजे त्याची दिवाळी गोड!