कुणीतरी नुसतं ऐकायला हवं

गेल्या वर्षीची गोष्ट. धाकटी तेव्हा नववीत होती. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली आणि ती मैत्रीण गाव सोडून गेली. "होईल सवय," म्हणून मी विषय सोडून दिला. पण पोरगी मिटतच गेली. डबा अर्धा परत यायचा. रात्री उशिरापर्यंत टक्क जागी. काही विचारलं की अंगावर यायची. "तुला काय कमी आहे गं?" हे माझं पालुपद सुरूच!

दिवाळीत नणंद राहायला आली. तिने काहीच विचारलं नाही. रात्री गच्चीवर दोघी शेंगा फोडत बसल्या. बऱ्याच वेळाने पोरगी रडत म्हणाली, "आत्या, मी नसले तरी कुणाला काय फरक पडणार आहे?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं, या वयात नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतूनही दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, अभ्यास बिघडला तर ते नखरे समजू नयेत. आणि 'मी नसले तर' हे वाक्य कधीच हसण्यावारी नेऊ नये.

नंतर एक माहिती वाचनात आली. बिहारमधल्या शाळांत गोव्याच्या 'संगथ' संस्थेने एक उपक्रम राबवला होता. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. जिथे मुलांसाठी वेगळे समुपदेशक नेमले, तिथे नववीच्या मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली. ते समुपदेशक काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तेच काम शिक्षकांवर सोपवलं, तिथे मात्र तसा फरक दिसला नाही. मला वाटतं, जो मार्क देतो त्याच्यापुढे मूल मन कसं मोकळं करणार? आम्ही आयाही मार्कच तर देत असतो!

मैत्रिणींनो, आधार म्हणजे उपचाराला पर्याय नव्हे. आमचे समुपदेशन अजून चालू आहे. पण उपचारापर्यंत पोचायची वाट आत्याच्या त्या गच्चीतूनच गेली. तुमच्या मुलांना अशी एखादी आत्या, मावशी, शेजारची ताई आहे ना? कुणीच नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं.

आता मी रोज तिच्याजवळ बसते. प्रश्न विचारत नाही. परवा तीच म्हणाली, "आई, शेंगा आणायच्या का?"