राखीपौर्णिमेची भेट : राळेचे हस्तनिर्मित अलंकार

श्रावणातील पौर्णिमा हा कोळी बांधवांचा नारळीपौर्णिमेचा आणि बहीणभावांचा राखीपौर्णिमेचा दिवस होय. पुढे कार्तिक शुद्ध द्वितीयेस भाऊबीज येते. या दोन्ही सणांना द्यावयाची वस्तू विकत आणण्याऐवजी मुलांनी ती स्वतः घडवावी, हा हस्तव्यवसायाच्या तासाचा जुना व आवडता उपक्रम आहे. अलीकडे या उपक्रमात राळेच्या, म्हणजेच रेझिनच्या, अलंकारांची भर पडली आहे. काचेसारख्या पारदर्शक पदकात एखादी पाकळी, जरीचा तुकडा किंवा मणी कायमचा बसविता येतो, म्हणून मुलांना त्याचे मोठे आकर्षण वाटते. परंतु या कामातील काही टप्पे मुलांच्या हाती देण्याजोगे नाहीत. ते कोणते, हे शिक्षकांनी प्रथम समजून घेतले पाहिजे.

राळ म्हणजे काय?

झाडाच्या खोडातून पाझरणारे सर्वच चिकट पदार्थ सारखे नसतात. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. राळ पाण्यात विरघळत नाही. ती उष्णतेने मऊ होते व पेट घेते. मशालीवर राळेची पूड फेकली की भडका उठतो. ‘राळ उडविणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. लाख हीही एक नैसर्गिक राळच होय. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणारे बारीक कीटक ती निर्माण करतात. लाखेच्या बांगड्या आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या असून, महाभारतातील लाक्षागृहाची कथा मुलांना ठाऊकच असते. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही लाख वापरीत असत.

आजच्या अलंकारांतील राळ मात्र झाडाची नसून रसायनशाळेत तयार झालेली आहे. तिला इपॉक्सी म्हणतात. स्विस रसायनज्ञ पिअर कास्तां व अमेरिकन रसायनज्ञ सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३० ते १९५० या काळात केलेल्या संशोधनातून ती पुढे आली. ती दोन बाटल्यांत मिळते : एकीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारा द्रव, म्हणजे हार्डनर. दोन्ही एकत्र येताच त्यांचे कण एकमेकांशी जखडले जाऊन जाळे तयार होते व त्या वेळी उष्णता बाहेर पडते. मेण थिजते तसे हे थिजणे नव्हे. मेण पुन्हा वितळते; घट्ट झालेली इपॉक्सी पुन्हा पातळ होत नाही.

लालबागचे उदाहरण

साच्यातून वस्तू काढण्याची कला मुंबईच्या लालबाग-परळ भागाला नवी नाही. गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साचा कसा भरावा, तो केव्हा सोडवावा, याचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात आले आहे. हाच भाग गिरणगाव म्हणून ओळखला जात असे. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कित्येक कुटुंबांना घरगुती उद्योगांचा आधार घ्यावा लागला. घरबसल्या कलाकुसरीच्या वस्तू करून सणासुदीस विकणे हे तेथे अपरिचित नाही.

परंतु चाळीतील दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत स्वयंपाक, अभ्यास व झोप ही सर्व एकाच ठिकाणी होतात. तेथेच राळेचे काम मांडले, तर भाताच्या पातेल्याशेजारी राळेचा पेला येतो आणि रांगते मूल त्यात हात घालते. शिवाय राखीपौर्णिमा भर पावसाळ्यात येते. दमट हवेत राळेच्या पृष्ठभागावर पांढुरका, चिकट थर येतो. फुले नीट वाळत नाहीत. पावसामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. जेथे हवा खेळती असावयास हवी, तेथेच ती कोंडते. पावसाळी प्रदेशातील गावांच्या शाळांनाही हीच अडचण येईल.

पूर्वतयारी

यावर उपाय म्हणजे कामाची आखणी आधीपासून करणे. फुले वैशाखातच वाळवावीत. बोगनवेल, गुलाब, शेवंती यांच्या पाकळ्या जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तके रचावीत व दोन-तीन आठवडे हलवू नयेत. पाकळी कुरकुरीत झाली पाहिजे. तीत ओलावा राहिला, तर ती राळेत काळवंडते व भोवती बुडबुडे धरते. वाळलेल्या पाकळ्या झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात. ज्यांना पावसाळ्यात काम करणे शक्य नाही, त्यांनी राखी सुताची करावी व राळेचे पदक भाऊबिजेसाठी राखून ठेवावे. कार्तिकात हवा कोरडी होऊ लागलेली असते.

कृती

१. सिलिकॉनचा मऊ साचा पुसून कोरडा करावा व सपाट फळीवर ठेवावा.

२. राळ व हार्डनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच मोजावेत. प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे, हे नीट वाचावे. दोन्ही एक नव्हेत. हार्डनर जास्त घातल्याने राळ लवकर वाळते, हा गैरसमज आहे. प्रमाण चुकले, तर पदक कायमचे चिकट राहते.

३. मिश्रण तीन ते पाच मिनिटे सावकाश ढवळावे. पेल्याच्या कडा व तळ खरवडून घ्यावेत. जोराने घुसळल्यास हवा शिरते.

४. साच्यात पातळ थर ओतून त्यावर चिमट्याने पाकळी ठेवावी व उरलेला थर ओतावा. उरलेले मिश्रण पेल्यात साठवून ठेवू नये, ते तापते.

५. साचा धूळ बसणार नाही असा झाकून साधारणतः एक दिवस ठेवावा. पूर्ण कठीणपणा येण्यास आठवडाभर लागतो. तोवर वस्तू अंगावर घालू नये. सणाच्या आदल्या दिवशी केलेली भेट म्हणूनच उपयोगाची नाही.

मुलांनी काय करावे, काय करू नये?

द्रव राळ व हार्डनर हे प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. त्वचेला ती वारंवार लागल्यास अंगावर पुरळ उठते व खाज सुटते. एकदा असा विकार जडला, की पुढे थोड्याशा स्पर्शानेही तो उसळतो. वास सौम्य आहे म्हणून पदार्थ निर्धोक आहे, असे समजू नये. मोजणे, ढवळणे व ओतणे ही कामे प्रौढ व्यक्तीनेच नायट्रिलचे हातमोजे घालून, उघड्या खिडकीपाशी करावीत. राळ हाताला लागल्यास साबण व पाण्याने धुवावी. थिनर वापरू नये. वापरलेला पेला पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. उरलेली राळ मोरीत न ओतता, घट्ट झाल्यावरच टाकावी. कडा घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये, म्हणून घासकागद ओला करून वापरावा व तोंडावर पट्टी असावी. हेही काम प्रौढांचेच.

मुलांसाठी काम उरत नाही, असे मात्र नाही. फुले गोळा करणे, वाळविणे, रंगसंगती ठरविणे, कागदावर आराखडा काढणे, पूर्ण कठीण झालेले पदक दोऱ्यात ओवणे व गोंडा बांधणे ही सर्व कामे त्यांचीच आहेत. भेट कोणासाठी आहे, याचाही विचार त्यांना करावयास लावावा. तान्ह्या भावाच्या मनगटावर मणी किंवा सुटे पदक बांधू नये. ते तो तोंडात घालील. त्याच्यासाठी सुती राखीच उत्तम.

इतर विषयांशी समवाय

गणिताच्या तासाला पुढील उदाहरण घेता येईल. पदकाचा व्यास ३ सेंटीमीटर व जाडी अर्धा सेंटीमीटर असल्यास त्याचे घनफळ ३.१४ × १.५ × १.५ × ०.५, म्हणजे सुमारे ३.५३ घन सेंटीमीटर होते. दहा पदकांस ३५.३ मिलिलिटर मिश्रण लागेल. पेल्याला चिकटून वाया जाणारे धरून ३९ मिलिलिटर घ्यावे. प्रमाण दोनास एक असल्यास राळ २६ व हार्डनर १३ मिलिलिटर होईल. विज्ञानात परत वितळणारे व न वितळणारे पदार्थ, भूगोलात लाखेची झाडे, भाषेत भेटीसोबतचे चार ओळींचे पत्र, असे पाठ सहज जोडता येतील. ही राळ मातीत कुजत नाही, हेही मुलांना सांगावे; म्हणजे थोडेच करावे व जे करावे ते टिकाऊ करावे, हा धडा मिळेल.

वैशाखात वेचलेली पाकळी श्रावणात किंवा कार्तिकात बहिणीच्या अगर भावाच्या हाती जाते, तेव्हा मुलाला वस्तूमागील श्रमाचे व प्रतीक्षेचे मोल कळते. ती वस्तू सुबक झाली आणि ती घडविताना कोणाच्याही हाताला इजा पोहोचली नाही, म्हणजे उपक्रमाचा हेतू साध्य झाला असे समजावे.