स्वस्त अंतरमापकाची पारख

नुसत्या डोळ्याने अंतर अजमावणे ही विद्या जितकी जुनी, तितकीच बेभरवशाची आहे. दरीपलीकडचे झाड आहे त्याहून जवळ भासते. तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात सपाटीवरचे जनावर आहे त्याहून दूर वाटते. वाटसरूचे अशा चुकीने फारसे बिघडत नाही. बंदूक रोखून बसलेल्या माणसाची गोष्ट निराळी आहे, कारण त्याच्या चुकीचे प्रायश्चित्त दुसऱ्याच जिवाला भोगावे लागते.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार संपुष्टात आली, आणि ते उचितच झाले. अमेरिकेत मात्र परवाना काढून ठराविक ऋतूत हरणाची शिकार करणे आजही कायदेशीर आहे. तेथील बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्याने लेसर-किरणांचा अंतरमापक विकत घेताना काय पाहावे, हा आजच्या भाषणाचा विषय. आपल्याकडील व्याघ्रगणनेतही वाघाचे भक्ष्य किती आहे हे अजमावताना चितळ-सांबरांचे अंतर अशाच यंत्राने मोजतात. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नव्हे.

प्रथम या यंत्राची गरज कोठे पडते ते पाहू. ‘थर्टी-ओ-सिक्स’ या नावाने प्रसिद्ध असलेली रायफल २०० वारांवर, म्हणजे २०० यार्डांवर, अचूक बसविली, तर हलक्या वजनाची गोळी ३०० वारांवर सुमारे आठ इंच आणि ४०० वारांवर सुमारे दोन फूट खाली येते. हरणाच्या छातीतील मर्मस्थान अवघे आठ-नऊ इंच रुंद असते. ४०० वारांवरचे हरिण ३०० वारांवर आहे असे समजून नेम धरल्यास गोळी फूटभर खाली जाते. ती एक तर वाया जाते किंवा जनावराचा पाय मोडते. असे जखमी हरिण रानात पळून जाते आणि तेथे त्याला सावकाश मरण येते. अंतरमापकाचा खरा उपयोग हे टाळण्यासाठी आहे. लांबच्या नेमाची फुशारकी मिरविण्यासाठी नव्हे.

यंत्राची क्रिया मोठी मनोरंजक आहे. ते डोळ्यास न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक क्षणिक झोत सोडते आणि तो परत येण्यास किती वेळ लागला ते मोजते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. तेव्हा ४०० वारांवरून परत येण्यास त्याला एका सेकंदाच्या दशलक्षांशाच्या जेमतेम अडीचपट वेळ लागतो. एका वाराचा फरक ओळखावयाचा तर सेकंदाच्या अब्जांशाच्या सहापट इतका सूक्ष्म काल मोजता आला पाहिजे. असे घड्याळ आज शंभर-दोनशे डॉलरांच्या वस्तूत, खिशात मावेल अशा आकारात मिळते, हे नवल खरेच. आणि घड्याळाच्या बाबतीत स्वस्त यंत्रे सहसा दगा देत नाहीत. ती दगा देतात ती अन्यत्र.

खोक्यावर ठळक आकडा असतो: ‘१,००० वार’. हा आकडा खोटा नसतो, परंतु तो हरणाचा नसतो. रस्त्यावरच्या पाट्यांवर आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठविणारा लेप दिलेला असतो, आणि हे अंतर बहुधा तशाच पृष्ठावर मोजलेले असते. १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असेच परावर्तक ठेवले, म्हणून तर पृथ्वीवरून सोडलेला लेसर-झोत तेथून परत येतो व चंद्राचे अंतर मोजता येते. हरणाच्या अंगावर असले आरसे कोठून असणार? त्याची रुक्ष, करडी लव पुष्कळसा प्रकाश गिळून टाकते आणि उरलेला चोहोंकडे विखुरते. त्यामुळे ‘हरणावर’ म्हणून बारीक अक्षरांत दिलेला आकडा ठळक आकड्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. भर उन्हात तो आणखी घटतो. धुक्यात तर विचारूच नका. ग्राहकाने पाहावयाचा तो हा बारीक आकडा.

तोही किती मोठा हवा? पेनसिल्व्हेनियासारख्या दाट रानांच्या मुलखात बहुतेक हरणे १०० वारांच्या आतच टिपली जातात. तेथील रायफलवाल्याने अंतरमापक मुळीच न घेतला तरी चालेल, असे माझे मत आहे. वायोमिंगच्या उघड्या माळावर मात्र हरणावर ४०० वार दाखविणारे यंत्र हवे. त्यापलीकडे नेम धरण्याइतका सराव फार थोड्यांचा असतो, आणि ज्याचा नाही त्याने त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा काडतुसे घेऊन सराव करावा.

दुसरी अडचण झोताच्या रुंदीची. स्वस्त यंत्राचा झोत ४०० वारांवर दीड-दोन वार पसरू शकतो. हरणाची छाती जेमतेम अर्धा वार. उरलेला प्रकाश पुढच्या गवतावर किंवा मागच्या टेकडीवर पडतो आणि यंत्र हरणाऐवजी त्यांचेच अंतर सांगते. गोल्फ खेळणाऱ्यांसाठी केलेली यंत्रे सर्वांत जवळच्या वस्तूला अग्रक्रम देतात, कारण त्यांना झाडीपुढचा झेंडा हवा असतो. शिकाऱ्याला नेमके उलट हवे, कारण त्याच्या व हरणाच्या मधे डहाळ्या असतात. दूरच्या वस्तूला अग्रक्रम देण्याची सोय नसेल, तर गोल्फचे यंत्र केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

तिसरी गोष्ट दुकानात कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीस मुभा आहे, आणि हरणे बाहेर पडतात ती याच संधिप्रकाशात. अशा वेळी काळे आकडे काळ्या झाडीवर दिसतच नाहीत. तांबड्या प्रकाशाचे आकडे दाखविणारे यंत्र थोडे महाग पडते. तेवढे पैसे मी अवश्य खर्चीन.

उतारावरील कोनाचा हिशेब करणारी सोयही महाग यंत्रांत असते. डोंगरात ३० अंशांच्या चढावर ४०० वार भरले, तर नेम ३४६ वारांचा धरावा लागतो; तेथे ही सोय मोलाची आहे. परंतु वीस फूट उंच मचाणावर बसलेल्या धनुर्धाऱ्यास २० वारांऐवजी १९ वार धरावे लागतात, एवढाच काय तो फरक. त्याने यासाठी पैसे मोजणे व्यर्थ होय. धनुर्धाऱ्याला यंत्र हवे ते निराळ्या कारणाने. बाण मंद असल्याने २० व ३० वारांतील चूकच त्याला पाच-सहा इंचांनी खाली नेते.

स्वस्त यंत्राची उणीव भरून काढण्याची एक युक्ती अनुभवी शिकारी सांगतात. जागेवर बसताच, हरिण येण्यापूर्वीच, सभोवारच्या खुणा मोजून घ्याव्यात: तो खडक ९० वार, तो जळका बुंधा १४०, ओढ्याचे वळण २३०. मग जनावर आले म्हणजे यंत्र डोळ्यास लावून हालचाल करण्याची गरजच उरत नाही. खडक व बुंधे पळून जात नाहीत. यंत्र मंद असले, दोन-तीनदा मोजावे लागले, तरी बिघडत नाही.

खरेदीपूर्वी यंत्र दुकानाबाहेर नेऊ द्यावे अशी विनंती करावी, आणि शक्य तर ती सायंकाळी करावी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असलेला खांब निवडून यंत्र सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावे. नेमाची खूण खांबावर येताच अंतर उमटले, तर झोत व खूण जुळलेली आहेत. खूण पुढे सरकून गेल्यावर उमटले, तर ते यंत्र परत देऊन दुसरे मागावे. मग रस्त्यावरची पाटी सोडून एखादे काळसर झुडूप किंवा मातीचा बांध मोजून पाहावा. शेवटी दिवेलागणीपर्यंत थांबून तेच आकडे झाडीवर वाचता येतात का, ते पाहावे. थंडीत विजेरीचा जोर कमी होतो, म्हणून एक जादा विजेरी त्याच वेळी घ्यावी आणि ती पिशवीत न ठेवता अंगाशी, आतल्या खिशात बाळगावी.