मेंढीला तांबं सोसत नाही

पहिली मेंढी मेली तेव्हा आम्ही साप शोधत होतो. शेडची बिळं, कडब्याची गंजी, पाण्याच्या टाकीखालचे दगड, सगळं उलथंपालथं केलं. आदल्या संध्याकाळी गव्हाणीत तोंड घालून खाणारी दोन वेतांची माडग्याळ मेंढी सकाळी मान टाकून पडलेली. दुपारी दुसरीनं खाणं सोडलं. तिचे डोळे हळद लावल्यासारखे पिवळे झाले होते आणि लघवी कोऱ्या चहासारखी. गोचीड ताप असेल म्हणून डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत तीही गेली.

आमचं घर आटपाडी तालुक्यातलं, मूळचं मेंढपाळाचं. आबांची उमर मेंढरांमागं कृष्णाकाठापर्यंत चालण्यात गेली. मी शेड बांधली, 22 मेंढ्या घेतल्या आणि बंदिस्त मेंढीपालन सुरू केलं. शेजारच्या गोठ्यात चार संकरित गाई. त्यांच्यासाठी आणलेली खनिज मिश्रणाची पिशवी घरात होतीच. गाईंना मानवलं, दूध वाढलं, मग मेंढ्यांनी काय घोडं मारलंय, असा माझा हिशोब. संध्याकाळच्या भरड्यात मेंढीमागं एक मूठ. पाच महिने एकही दिवस खाडा नाही. आबा एकदा म्हणाले होते, "मी खड्याच्या मिठाशिवाय काय घातलं नाय त्यास्नी." मी हसण्यावारी नेलं.

डॉक्टरांनी दुसरी मेंढी माझ्यासमोर उघडली. कातडीखालची चरबी पिवळीधमक. मूत्रपिंड हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरलं. ते पिकल्या जांभळासारखं निळंकाळं पडलं होतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "खायला काय घालता?" मी पिशवी आणली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली, तांब्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गाईसाठी चांगली आहे ही."

तांबं सगळ्याच जनावरांना लागतं. रक्त, लोकर, मज्जातंतू, सगळ्यांना. पण गाईच्या अंगात जास्तीचं तांबं आलं तर तिचं यकृत बरंचसं पित्तावाटे बाहेर टाकतं. मेंढीला हे नीट जमत नाही. तिचं यकृत कणगीसारखं. रोज थोडं थोडं भरत राहतं, महिनोन् महिने, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. मग एखादा ताण पडतो: गाडीतला प्रवास, कुत्र्यानं केलेली पळापळ, वेत, उपासमार. आमच्याकडे दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता आणि शेड गळली होती. अशा वेळी कणगी फुटते. साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा रंग लघवीत येतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. त्यानंतर जनावर एक-दोन दिवसांचा सोबती. म्हणजे विष पाच महिने चढत होतं आणि मी मात्र आदल्या रात्रीचा साप शोधत होतो.

त्या रात्री मी किराणा दुकानातून तराजू आणला आणि मूठ तोलली. 25 ग्रॅम भरली. पिशवीवर तांबं होतं किलोला 1200 मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या मुठीत 30 मिलिग्रॅम. मेंढी दिवसाला सव्वा किलोच्या आसपास कोरडा चारा-भरडा खाते. किलोमागं 24 मिलिग्रॅम नुसत्या पावडरीतून झाले. कडबा, मका, पेंड यांत स्वतःचं तांबं असतंच, किलोमागं आठ-दहाच्या घरात. बेरीज तिसाच्या वर गेली. मेंढीच्या एकूण खाण्यात किलोमागं 15 मिलिग्रॅमच्या वर तांबं गेलं की धोका सुरू होतो. आता गाईचं बघा. 12 किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाईला त्याच पिशवीतले 50 ग्रॅम दिले तर किलोमागं जेमतेम 5 मिलिग्रॅम वाढतात. शिवाय ती 40 पर्यंत सोसते. कोंबडी तर त्याच्याही कितीतरी पुढं.

आबांच्या मेंढरांना असं कधी झालं नाही, त्याचंही कारण डॉक्टरांनी सांगितलं. चाऱ्यातलं मॉलिब्डेनम आणि गंधक मेंढीच्या पोटात तांब्याला बांधून ठेवतात, मग ते अंगी न लागता लेंडीतून निघून जातं. रानात पन्नास प्रकारचा पाला खाणाऱ्या मेंढराला हे आपोआप मिळतं. शेडमध्ये मका-भरड्यावर ठेवलेल्या मेंढीला मॉलिब्डेनम कमी पडतं, आणि तेवढंच तांबं तिच्या अंगात जास्त मुरतं. काही जाती तर फारच नाजूक. स्कॉटलंडच्या उत्तरेला नॉर्थ रोनाल्डसे नावाचं बेट आहे. तिथल्या मेंढ्यांना 1832 साली भिंत घालून समुद्राच्या बाजूला ठेवलं, तेव्हापासून त्या शेवाळावर जगतात. शेवाळात तांबं नगण्य, म्हणून मिळेल तो कण धरून ठेवायची सवय त्यांच्या अंगात भिनली आहे. त्यांना साध्या गवतातलंही तांबं बाधतं.

पिशवीइतकाच मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वाईट. तासगावकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचा पाला फुकट मिळतो म्हणून मेंढ्यांना घालतात. पावसाळाभर त्यावर बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या झालेल्या असतात, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. खूर सडले की मोरचूदाच्या पाण्यातून मेंढ्या चालवण्याची पद्धत आहे. तहानलेली मेंढी तेच पिते. तिथं झिंक सल्फेट वापरावं. पोल्ट्रीचं उरलेलं खाद्य आणि कोंबड्यांची विष्ठा तर मेंढीच्या गव्हाणीत नकोच.

पण म्हणून तांबं पार बंद करू नका, ही दुसरी चूक. गाभण मेंढीला ते कमी पडलं तर कोकरू मागच्या पायांनी लुळं जन्मतं, लोकरीचा कुरळेपणा जातो. रानात चरणाऱ्या कळपाला त्याची गरजही पडू शकते. ते रक्त तपासून, डॉक्टरला विचारून ठरवायचं; गावातल्या कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

उरलेल्या मेंढ्यांच्या कणग्याही भरलेल्याच होत्या. डॉक्टरांनी त्यांना अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट पाण्यातून पाजायला लावलं, मात्रा स्वतः मोजून दिली. तरी आणखी चार गेल्या. 16 वाचल्या.

हल्ली दुकानात "शेळ्या-मेंढ्यांसाठी" अशी एकत्र पिशवी मिळते. त्या नावावर जाऊ नका. शेळी मेंढीपेक्षा जास्त तांबं सोसते, त्यामुळे शेळीला चालणारं मिश्रण मेंढीला चालेलच असं नाही. तांब्याची ओळ वाचा. आकडा टक्क्यात असेल तर दहा हजारानं गुणा, किलोमागचे मिलिग्रॅम मिळतात. कॉपर सल्फेटचं वजन दिलं असेल तर त्याचा साधारण चौथा भाग तांबं धरा. आणि मुठीनं घालू नका, तोलून घाला. दुकानदाराला तांब्याचा आकडा सांगता आला नाही, तर पिशवी तिथंच ठेवून या.