जबड्याचे झिजलेले हाड व त्याची भरपाई

संपादक मंडळाने आम्हांस धान्याच्या साठवणुकीवर चार शब्द लिहावयास सांगितले होते. तो विषय बाजूस ठेवून आम्ही दातांविषयी, किंबहुना दातांखालील हाडाविषयी लिहावयास बसलो आहोत, यालाही कारण धंद्याचेच आहे. पांढुर्णा आणि सौंसर येथील जुने व्यापारी तुरीचा वा गव्हाचा दाणा दाढेखाली फोडतात व तो कसा फुटला यावरून मालातील ओल सांगतात. ओल मोजण्याचे यंत्र आता गादीवर आले आहे, तरी पोत्यात हात घातला की दाणा तोंडाकडे जातोच. आमच्या दाढा पंचेचाळिशीच्या आत एकेक करून गेल्या आणि पुढील वीस वर्षे आम्ही मालाची पारख मुनिमांच्या दातांनी केली.

दात गेला म्हणजे तेवढा दातच गेला, असा आमचा समज होता. वास्तविक दाताबरोबर त्याचे घरही जाते. जिवंत हाडात जमा आणि खर्च ही दोन्ही खाती अहोरात्र चालू असतात. काही पेशी हाड रचतात, काही ते विरघळवून नेतात. चावताना मुळावाटे हाडावर दाब येतो, तोवर जमेची बाजू सांभाळली जाते. दात उपटला की दाब संपतो, जमा आटते आणि खर्च मात्र चालू राहतो. दाढ काढल्यापासून एका वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते, आणि त्यातील बहुतेक घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. न राहते घर जसे आपोआप खचते, तसाच हा प्रकार. कवळीने हे थांबत नाही; तिचा दाब हिरडीवरून पडतो, त्यामुळे झीज उलट वाढते. आमची कवळी दर दोन-तीन वर्षांनी सैल का होत असे, याचा उलगडा आम्हांस फार उशिरा झाला.

पक्के दात बसविण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिचे मूळ स्वीडन देशात आहे. ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर नळी काढू गेले, तो ती निघेना. हाड धातूला घट्ट बिलगले होते. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या गृहस्थाच्या जबड्यात असे खिळे बसविले. २००६ मध्ये तो वारला, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते टिकले. परंतु खिळा धरावयास मुळात हाड हवे. आमची अडचण नेमकी तेथे होती.

आपल्या भागातून दातांच्या मोठ्या कामासाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते. पांढुर्ण्याहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तेथे १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालयही आहे. आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरबाईंनी यंत्रातून काढलेले जबड्याचे चित्र समोर ठेवून म्हटले, "काकाजी, झाड लावायला जागा आहे, पण माती वाहून गेली. आधी माती भरावी लागेल."

ही भर घालण्याला कलम असा शब्द वापरतात. आपल्याकडील संत्र्याच्या बागाईतदारांनी मात्र त्यावरून गैरसमज करून घेऊ नये. जंबेरीच्या खुंटावर बांधलेला डोळा स्वतः जगतो व वाढतो. जबड्यात भरलेली भुकटी बहुधा निर्जीव असते. ती मांडवासारखी उभी राहते, शेजारच्या हाडातून आपल्याच पेशी व रक्तवाहिन्या तिच्यावर वेलीप्रमाणे चढतात, आणि पुष्कळ महिन्यांनी मांडवाचा बराचसा भाग जाऊन तेथे आपले हाड तयार होते. वरच्या जबड्यात आणखी एक संकट असते. दाढा गेल्यावर गालामागील हवेची पोकळी खाली उतरते. तिच्या तळाचे नाजूक अस्तर हलकेच वर उचलून खाली भर घालावी लागते. अमेरिकेतील टेटम यांनी १९७० नंतरच्या दशकात ही रीत सुरू केली.

ती भुकटी येते कोठून, हा प्रश्न आपल्या समाजाला टाळता येणार नाही. पूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात आम्ही संमतीपत्रावर सही करणार इतक्यात खोक्यावर 'बोव्हाइन' हा शब्द आमच्या नातवाने वाचला. त्याचा अर्थ गोवंशाचा. जनावराच्या हाडातील सेंद्रिय भाग काढून ती भुकटी केलेली होती. तोपर्यंत आम्हांस कोणी अक्षरही सांगितले नव्हते. जगात ही भुकटी फार वापरली जाते व ती गुणकारी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमची तक्रार न सांगण्याबद्दल आहे. वर अंथरावयाचा पडदाही पुष्कळदा डुकराच्या वा गाईच्या कातडीपासून केलेला असतो आणि टाक्यांचा दोरा रेशमाचा असतो. 'पोर्साइन' म्हणजे डुकराचे, हाही शब्द ध्यानात ठेवावा.

पर्याय आहेत, आणि ते कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही. सर्वांत सरस मानले जाते ते रोग्याचे स्वतःचेच हाड. हनुवटीतून वा खालच्या जबड्याच्या मागील बाजूने ते खरवडून घेतात. दुखणे दोन ठिकाणी होते, एवढाच तोटा. कारखान्यात केलेले कॅल्शियम फॉस्फेटचे कण मिळतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील हेंच यांनी हाडाला चिकटणारी काच शोधून काढली, तीही वापरतात. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने असे पदार्थ तयार केले आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तेथे माणसांनी दान केलेले हाड शुद्ध करून, किरणांनी निर्जंतुक करून दंतवैद्यांना पुरविले जाते. स्वेच्छेने दिलेले ते दान आहे, म्हणून आम्हांस त्यात दोष दिसत नाही; ज्यांना दिसेल त्यांनी महाराजांना विचारावे. टाके कृत्रिम धाग्याचे घालता येतात, आणि पडद्याऐवजी काही ठिकाणी रोग्याच्याच रक्तापासून केलेला साका चालतो.

शाबूत दातांबाबतही थोडे लिहिणे अगत्याचे आहे, कारण आमच्या घरातून याच काळात पायरियाचा उपचार चालू होता. या रोगात दात अंगी ठीक असतो, त्याच्याभोवतीचे हाड मात्र झिजते. हिरडी भराभर वाढते आणि हाड सावकाश. म्हणून मोकळी जागा हिरडी आधी बळकावते. १९८२ मध्ये स्वीडनचे नायमन व त्यांचे सहकारी यांनी मध्ये पडदा ठेवून हिरडीला अडविले, तेव्हा दाताचा आधार काही अंशी पुन्हा बनला. परंतु मुळालगत विहिरीसारखा खड्डा पडला असेल तरच हे साधते. सर्व बाजूंनी हाड सारखेच खाली गेले असेल, तर भर धरून ठेवावयास भिंतच उरत नाही. आमच्या घरच्या तीन दातांपैकी एकच वाचला, तो याच कारणाने.

आमची स्वतःची हकीकत थोडक्यात अशी. तीन महिने खर्रा सोडून व रक्तातील साखर आटोक्यात आणून मगच डॉक्टरबाईंनी हात लावला, कारण या दोन्हींमुळे भर फुकट जाण्याचा संभव वाढतो. वरच्या उजव्या बाजूस आमचेच खरवडलेले हाड व कारखान्याचे कण मिसळून घातले, आठ महिने वाट पाहिली आणि दोन खिळे बसले. खालच्या डाव्या बाजूस मज्जातंतूच्या नळीवर हाडाचा पातळ थर तेवढा उरला होता. तेथे बाईंनी काम करण्याचे साफ नाकारले. ज्या दिवशी ती दाढ काढली, त्याच दिवशी खोबणीत भर घातली असती तर बरेच हाड राहिले असते, असे त्या म्हणाल्या. हा उपाय आहे हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते, आणि दाढ काढणाऱ्यानेही सांगितले नाही. आपल्यापैकी कोणाची दाढ निघावयाची असेल, तर खुर्चीवर बसण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा.

डावीकडे कवळी आहे. उजवीकडे भाकरी चावता येते, भिजविलेले हरभरेही चालतात. कोरडी तूर फोडण्यास मात्र डॉक्टरबाईंची मनाई आहे, त्यामुळे तेवढे काम अद्याप मुनिमांकडेच आहे.