डोंगरामागचा मोठा चंद्र

पेणकरपाड्यातल्या गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांमागून उगवताना परातीएवढा दिसतो. मध्यरात्री वर चढला की तोच लहान वाटतो. हवेमुळे तो फुगतो, हा समज चुकीचा. हात लांब करून करंगळीचं नख आड धरा, दोन्ही वेळा चंद्र सहज झाकला जातो. त्याची रुंदी सुमारे अर्धा अंशच असते. उलट उगवताना तो आपल्यापासून थोडा लांब, म्हणून कणभर लहानच असतो.

फसगत मेंदूत होते. इमारती, झाडं, डोंगर यांच्याही पलीकडची वस्तू फार दूर असणार, आणि इतक्या दुरून एवढी दिसते म्हणजे ती मोठीच, असा हिशेब मेंदू परस्पर करतो, असं एक स्पष्टीकरण आहे; पण शास्त्रज्ञांचं त्यावर अजून एकमत नाही. मला विलक्षण वाटतं ते हे, की सगळं कळूनही चंद्र मोठाच दिसत राहतो.